गाडीला विहिरीचं पाणी

पहिल्यांदा काटा चढला तेव्हा मी सरळ डोळेझाक केली. कमलापूरच्या पुढे रस्ता आधी खोलात उतरतो आणि मग चढाला लागतो. तिथं गाडीच्या तापमानाचा काटा मधली जागा सोडून लाल रेघेकडे सरकायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि काट्याला म्हणाले, "गप बस." चढ संपला आणि काटा खरंच खाली आला. तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर माणसाला वाटायला लागतं की दटावलं की सगळंच गप बसतं.

गाडी चालवायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले. जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली ती एकाच कारणासाठी. मी कलबुर्गीत एकटी राहते आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, राजेश्वरच्या पलीकडे आमच्या गावात एकटे राहतात. आई जाऊन सात वर्षं झाली. अप्पांना शहरात चला म्हटलं की ते म्हणतात, "आन हीर कुणी बघावं?" हीर म्हणजे विहीर. दीड एकर रान, दोन खोल्या आणि ती विहीर, एवढाच त्यांचा संसार. मग एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी शाळा सुटली की मीच गाडी काढून गावाकडे निघायची.

मी दारात गाडी लावली की अप्पा दोन भांडी घेऊन बाहेर यायचे. तांब्या माझ्यासाठी, कळशी गाडीसाठी. मी घटाघटा पाणी पीत असताना ते गाडीच्या तोंडावर हात ठेवून बघायचे, किती तापली आहे ते. लगेच पाणी द्यायचे नाहीत. "घाम जिरू दे तिचा," म्हणायचे. बैल सोडल्यावर आधी सावलीला बांधायचा, मग पाण्यावर न्यायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत, आणि गाडीलाही तीच लागू. तासाभरानं बॉनेट उघडायला लावायचे, रेडिएटरचं झाकण फिरवायचे आणि कळशी ओतायचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आत किती भरलं ते दिसायचं नाही. भरल्याचा आवाज बदलेपर्यंत ओतत राहायचे. कुणाला दिलेलं भांडं अर्धं नसावं, हा त्यांचा हट्ट.

मला ते बघायला फार आवडायचं, हे मी इथंच कबूल करते. गाडीत पाणी कमी का होतं, हा प्रश्न माझ्यासारख्या गणिताच्या बाईला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. अप्पा ओतायचे आणि गाडी प्यायची, यात मला सगळं आलबेल दिसत होतं.

काटा तिसऱ्यांदा चढला तेव्हा मात्र मी घाबरले. हुमनाबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली गाड्या दुरुस्त करणारा एक जण बसायचा. त्यानं दहा मिनिटांत इंजिनातून एक पितळी चकती काढून माझ्या हातावर ठेवली. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी ती झडप होती. "अक्का, ही थंड मुलखातल्या गाड्यांना लागती. आपल्याकडं एवढं ऊन हाय, हिची काय गरज?" तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं इतकं पटलं की मी ती चकती पर्समध्ये ठेवली आणि शाळेत सगळ्यांना दाखवत फिरले. पुढच्याच फेरीला काटा आणखी वर गेला.

मग एका शिक्षिकेनं मला कलबुर्गीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीचा पत्ता दिला. पांढरी दाढी, जाड चष्मा, आणि बोलणं सगळं दखनीत. मी पर्समधून चकती काढून दाखवली तेव्हा तो खो खो हसला. "अम्मा, ये तो दरवान था. दरवान कू घर से निकाल दिए, और अब पूछरें चोरी कैकू हुई."

तो माणूस घाई करत नव्हता, यानंच माझा निम्मा जीव थाऱ्यावर आला. आधी त्यानं गाडी चालू ठेवून पंखा फिरतो का बघितलं. फिरत होता. गाडी बंद करून पट्टा बोटानं दाबला. घट्ट होता. मग खाली वाकून एका रबरी नळीच्या तोंडाशी बॅटरी मारली. तिथं पांढरा ओघळ वाळून बसला होता. थेंब थेंब पाणी तिथून जात होतं. मला वाटलं, झालं, सापडलं. पण त्यानं मान हलवली. एवढ्यानं गाडी इतकी तापत नाही, म्हणाला. पंख्याची वायर काढून ठेवली आणि गाडी कोमट होईपर्यंत आम्ही चहा प्यालो. मग त्यानं मला रेडिएटरच्या जाळीवर हात ठेवायला सांगितला. वरच्या बाजूला ऊब होती. मध्ये आले तर हाताला चक्क गार लागलं. आणखी खाली पुन्हा कोमट.

"जहाँ थंडा लगरा ना, वहाँ पानी पोंचताच नै," मिस्त्री म्हणाला.

आतल्या बारीक नळ्या बुजल्या होत्या. त्यानं झाकण उघडून आत बोट फिरवलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोटाला चुन्यासारखा पांढरा लेप लागला होता, त्यात गंजाचा तांबूस रंग. तो चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "किसका पानी डालरें इसमें?"

त्यानं सहज विचारलं होतं. इंजिन गार ठेवणारं हिरवं कुलंट की नळाचं पाणी की बोअरचं, एवढंच त्याला हवं होतं. पण कुणाचं पाणी, हा प्रश्न आमच्या घरात सहज कधीच नव्हता.

अप्पा जन्मभर विहिरी खणत आले. दुसऱ्यांच्या. तांबडा मुरूम फोडायचा, खाली पाषाण लागला की सुरुंगाला भोकं पाडायची आणि तळाशी पहिला झरा फुटला की वर यायचं. वर आल्यावर त्या विहिरीला हात लावायचा नाही. आपणच काढलेलं पाणी प्यायचं तर ओंजळ धरून खाली बसायचं आणि कुणीतरी वरून ओतायची वाट बघायची. आई गावच्या विहिरीवर घागर घेऊन अशीच बसायची, मी तिच्याजवळ बसलेली मला आठवते. समोरची बाई वरून धार सोडायची, ती धार निम्मी जमिनीवर जायची, आणि घागर भरेपर्यंत दुपार व्हायची. एकदा माझा हात पाणी शेंदायच्या दोराला लागला, तर पाणी खराब झालं म्हणून केवढा गहजब झाला होता. मी तेव्हा सहा वर्षांची असेन.

त्यानंतर अप्पांनी आमच्या दीड एकरात खणायला सुरुवात केली. दिवसभर लोकांची विहीर, संध्याकाळी आपली. चार उन्हाळे गेले. पाणी लागलं त्या दिवशी आई खाली उतरली, दोन्ही हातांनी प्याली, आणि वर येऊन तिनं सगळ्या वस्तीला बोलावून पाणी पाजलं. विहारात वंदना झाली. लग्नात वाटतात तसं आम्ही पाणी वाटलं. तेव्हापासून आमच्या दारात कुणीही आलं, माणूस, बैल, फेरीवाला, पोस्टमन, मोटारसायकल, तर आधी पाणी.

आणि आता मिस्त्रीच्या बोटावर ते पाणी होतं. जड, क्षाराचं. प्यायला गोड, पण तापलं की मागे चुना सोडणारं. दोन वर्षं मी ते गाडीत ओतू दिलं होतं.

मिस्त्रीनं त्या दिवशी औषध घालून जमेल तेवढं धुऊन काढलं, नवी झडप बसवली, नळी बदलली, हिरवं कुलंट भरलं. पण बजावलं की हे तात्पुरतं आहे. रेडिएटर काढून, खोलून, नळ्या सळईनं साफ करायला लागतील, दोन दिवस गाडी सोडावी लागेल, तोवर लांब जायचं नाही. आणि विहिरीचं पाणी एक थेंब नाही. पुन्हा तापली तर इंजिनाचं डोकं वाकेल, मग गाडी भंगारात. मी "हो हो" म्हटलं. दहावीचे पेपर तपासायचे होते. पुढच्या आठवड्यात बघू, म्हटलं. पोरांनी असं म्हटलं की मी त्यांना बाकावर उभं करते.

खरी अडचण गाडीची नव्हतीच. अप्पांना सांगायची होती. तुमच्या पाण्यानं गाडी खराब झाली, हे वाक्य मी मनात दहा प्रकारे जुळवून बघितलं. कसंही जुळवलं तरी ते त्या दोरापाशी ऐकलेल्या वाक्यासारखंच वाजायचं. जन्मभर ज्यांनी हे गावाच्या तोंडून ऐकलं, त्यांना तेच आता पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकवायचं? माझ्यानं होईना.

तीन आठवडे मी गावाकडे गेलेच नाही. फोनवर पेपरांचं कारण सांगत राहिले. मग अप्पांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, सोमवारी सकाळची, कलबुर्गीत. त्यांना आणायला शनिवारी जावंच लागलं. रेडिएटर तसाच होता. जाताना मी हळूहळू गेले, काट्यावरून नजर हलवली नाही. तो मधल्या जागेच्या जरा वर थरथरत राहिला.

अप्पा दोन भांडी घेऊन बाहेर आले.

"अप्पा, हिला आता पाणी लागत नाही. नवीन औषध घातलंय," मी म्हणाले.

"पाणी लागत न्हाई असं कुठं असतंय?" ते कळशी धरून तसेच उभे राहिले. डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला, जरासे चुकून माझ्या खांद्यावर. "तीन हप्त्यानं आली बिचारी. जरा पिऊ दे की."

तासाभरानं मी बॉनेट उघडलं. होय, उघडलं. मिस्त्रीनं बजावलेलं सगळं कानात वाजत होतं, आणि तरी मी झाकण फिरवून बाजूला उभी राहिले. फारसं काही बसलं नाही, वरवर थोडंच. अप्पांनी कान देऊन ऐकलं आणि समाधानानं म्हणाले, "भरली." माझ्या हातातला तांब्या मात्र मला संपवेना.

रविवारी दुपारी आम्ही निघालो. अप्पांनी एका थैलीत कपडे घेतले आणि पायाशी पाच लिटरचा कॅन ठेवला, विहिरीच्या पाण्यानं भरलेला. शहरातलं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. हुमनाबाद मागे पडलं, पोटातलं पाणी हलू नये अशी मी गाडी चालवत होते. अप्पा पहिल्यांदाच एवढ्या लांब माझ्या शेजारी बसले होते आणि खूश होते. "लई गुळगुळीत चालवायलीस माय," म्हणत होते. कमलापूरच्या अलीकडे, खोलातून वर येताना लागतो त्या चढाच्या निम्म्यावर काटा लाल रेघेला टेकला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

गाडी कडेला एका चिंचेखाली घेतली, बंद केली, आणि धावत जाऊन बॉनेट उघडलं. झाकणाकडे माझा हात गेला तोच मागून अप्पांनी मनगट धरलं. त्यांना वाफ दिसली नव्हती, पण ऐकू आली होती.

"हात नको लावू! घाम जिरू दे तिचा." मग म्हणाले, "भाजून घेशील, याडे."

आम्ही चिंचेच्या सावलीत बसलो. समोरून ट्रक जात होते. उद्या सकाळी आठला अप्पांना दवाखान्यात पोचवायचं होतं आणि माझी गाडी फुसफुसत उभी होती. मला एकदम रडू आलं. रागही आला, स्वतःचाच. मी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. मिस्त्री, पांढरं बोट, गार लागणारी जागा, आणि काल बॉनेट उघडताना मला सगळं ठाऊक होतं हेसुद्धा.

अप्पा काठीनं मातीत रेघा मारत राहिले.

"मिस्त्री काय म्हणला?" शेवटी त्यांनी विचारलं. "खराब म्हणला का?"

"नाही. जड म्हणाला."

"मंग जड हायच की." त्यांनी काठी थांबवली. "तुझी माय दर बाजाराच्या दिवशी चिंच घेऊन हंडा घासत बसायची. कोपरं दुखायची तिची. मी म्हणायचो, फेक त्यो हंडा, दुसरा आणू. तर म्हणायची, दुसऱ्याच्या हिरीवर ह्यो हंडा कधी पुरता भरलाच न्हाई, मंग पांढरा कशानं व्हावा? ह्यो आपल्या पाण्यानं झालाय. घासू दे मला."

मला आईचा तो हंडा आठवला. ती घासत असताना मी तिथंच बसून पाढे म्हणायचे. घासताना ती स्वतःशीच हसायची, का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. चिंचेखाली, सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि मग मला रडू आवरेना.

"आता रडायलीस कामून?" अप्पा म्हणाले. "तीन हप्ते तोंड दाबून बसलीस, तवाच रडायचं व्हतं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

"वाईट तर वाटायलंयच. पाण्यापायी न्हाई. इंजनाला सोसत न्हाई तर न्हाई, त्यात पाण्याचा काय गुन्हा? डिझेल तरी माणसाला कुठं सोसतंय?" ते माझ्याकडे वळले. "माझ्या पाण्याबद्दल काय बोलायचं असलं तर आधी तू बोलावं. मला त्ये परक्याकडून ऐकायला लावू नकोस. न बोलणारे मी लई बघितलेत माय. वरून धार सोडायचे, तोंडानं चकार शब्द न्हाई."

मी "चुकले" म्हणाले. आयुष्यात हा शब्द मी फार वेळा उच्चारलेला नाही, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

तासाभरानं झाकण हाताला सोसण्याइतकं निवलं. फडकं घालून हळूच फिरवलं. आत खडखडाट. मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, अडचणीत काहीही पाणी चालतं, अम्मा, घाला आणि इकडे या, हीटर चालू ठेवा, इंजिनाची उष्णता तो ओढून घेतो. पाणी एकच होतं आमच्याकडे, अप्पांच्या पायाशी ठेवलेलं.

मी कॅन उचलला तेव्हा अप्पांना हसू फुटलं. "घाल की आता. का ह्येबी चालत न्हाई?" मग बोटानं कॅनवर खूण दाखवली. "पर निम्मंच. निम्मं गाडीला, निम्मं माणसाला."

त्या निम्म्या कॅनावर आम्ही कलबुर्गी गाठलं. एप्रिलच्या उन्हात हीटर चालू ठेवून, दोनदा थांबून, घामाघूम होऊन. अप्पा म्हणाले, आता गाडीचा घाम आपल्यालाच आलाय.

थेट मिस्त्रीच्या दारात गाडी नेली. मिस्त्रीनं रेडिएटरकडे बघितलं. अप्पांनी विचारलं, "हात लावून बघू का?" गाडी निवेपर्यंत त्या दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांची वयं, गुडघे आणि मुलंबाळं विचारून घेतली. मग अप्पांनी जाळीवर तळहात टेकवला. डोळे मिटले. तसेही ते काही कामाचे राहिले नव्हते. पाषाणाला हात लावून पाणी कुठल्या अंगाला आहे ते सांगणारा हात, तो सावकाश खाली सरकला आणि मधोमध थांबला. चार बोटं रुंद जागा त्यांनी दोन्ही बाजूंनी मोजली.

"हितनं हितवर," ते म्हणाले. "हितं पाणी पोचंना गेलंय."

मिस्त्रीनं खडूनं तिथं चौकोन काढला. दोन दिवसांनी रेडिएटर खोलला तेव्हा बुजलेल्या नळ्या नेमक्या त्या चौकोनात निघाल्या, असं त्यानं मला फोन करून सांगितलं. "तुमारे अब्बा कू मेरे यहाँ छोड़ दो," असंही म्हणाला. सुदैवानं इंजिनाचं डोकं वाकलं नव्हतं.

शस्त्रक्रिया रिक्षानं जाऊन झाली. पट्टी निघाल्यावर अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हातारी झालीस की गं." काळा चष्मा लावून ते महिनाभर माझ्याकडे राहिले. गाडी आणायला गेलो तेव्हा मिस्त्रीनं त्यांना कुलंटची बाटली दाखवली, टाकीवरच्या दोन रेघा दाखवल्या, पाणी त्या दोहोंच्या मध्येच हवं म्हणून समजावलं. आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. हे हिरवं पाणी विष असतं, सरबतासारखं दिसतं, चुकून कुणी पिऊ नये, वेगळं ठेवा. अप्पांनी ते फार मनावर घेतलं. घरी येईपर्यंत त्याचंच बोलत होते.

अप्पांना गावी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी परत निघाले. निघताना अप्पा डिकीत काहीतरी ठेवत होते. मी नेहमीप्रमाणे "अप्पा, उशीर होतोय" म्हणून ओरडत होते. त्याच चढावर, चिंचेच्या थोडं पुढे, एक टेम्पो बॉनेट उघडून उभा होता. वाफ निघत होती. कांद्याची पोती भरलेली होती आणि टेम्पोवाला डोक्यावर रुमाल टाकून चाकाशी बसला होता.

मी गाडी थांबवली. तो उठून आला. "पाणी हाय का अक्का?"

"आहे. पण लगेच झाकण उघडू नका, घाम जिरू दे," मी म्हणाले, आणि डिकी उघडली.

आत दोन कॅन होते. एकात हिरवं कुलंट, एकात विहिरीचं पाणी. दोन्हींवर डोळ्याच्या पट्टीची उरलेली पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर माझ्याच लाल पेनानं मोठ्या, सुट्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेलं. ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. मी चौथीत असताना विहिरीच्या काठावर कोळशानं अक्षरं काढून अप्पांना मीच शिकवली होती. हिरव्या कॅनवर लिहिलं होतं, "गाडीचे". दुसऱ्यावर, "माणसाचे".

मी तशीच उभी राहिले. टेम्पोवाल्याला वाटलं असेल, बाई पाणी द्यायचा विचार बदलतेय. मी त्याच्या हातात दुसरा कॅन दिला. त्यानं आधी चिठ्ठी वाचली, हसला, मग कॅन उचलून तोंडाला लावला. वरून धार धरून नाही, सरळ तोंड लावून. थांबला, दम घेतला, पुन्हा प्याला. कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, काही विचारलं नाही. रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "गोड हाय."

टेम्पो निवल्यावर उरलेलं पाणी त्यात ओतून तो गेला, तेव्हा मी गाडीत बसून अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पिला?" अप्पांनी विचारलं.

"दोनदा."

"काय विचारलं न्हाई?"

"काहीच नाही, अप्पा."

फोनमध्ये मागे विहिरीवरची मोटर चालू होती.

"मंग पुढच्या बारीला येताना मोठा कॅन आण," अप्पा म्हणाले.